उलट्या पिळाचं सूत

माझी बायको डावखुरी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच चालतंय.

ती मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातली. तिच्या आईनं तिला चालता चालता लोकर कातायला शिकवलं. काखेत लोकरीचा पेळू, हातात टकळी. टकळीला एक गिरकी द्यायची आन् ती लोंबकळत फिरत राहिली की धागा निघत जातो. सगळ्या बायका गिरकी उजव्या हातानं देतात, ही डाव्या हातानं द्यायची. आईनं हातावर फटके मारले, तरी बदलली न्हाई. गिरकी उलटी, म्हणून धाग्याचा पीळ उलटा.

बघणाऱ्याला त्यातलं काही कळायचं न्हाई. कळायचं ते मला, विणणाऱ्याला. मागावर धागा तुटतो. तुटलेली दोन टोकं थुंकी लावून अंगठ्यात आन् बोटात वळायची, म्हंजी जोड बसतो. सगळ्या जगाच्या सुताला वळायचं ते एका बाजूला. तिच्या सुताला तसं वळलं तर जोड बसायच्या जागी धागाच उकलायचा. लग्न झालं तवा पयल्या आठवड्यात मी तिला म्हणालो होतो, "तुझं सूत तुझ्यावानीच हाय, सरळ सांगून ऐकत न्हाई." ती म्हणाली, "तुम्ही उलटं वळून बघा की मग." तवापासून माझी बोटं उलटीच वळत आली. जन्म गेला तसाच.

माझे वडील मेंढरंवाले. नदीच्या अंगाला ऊस आला, चरायची रानं कमी झाली, तशी त्यांनी मेंढरं विकली आन् एका सनगराच्या हाताखाली घोंगडी विणायला शिकले. त्यांचं बघून मी बसलो. मांडवगण फराट्याच्या बाहेर आमची वस्ती हाय, तिथं पडवीत खड्डा-माग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवायचे, वाटून शिजवायचे. त्याचा वास घराला कायम असायचा. बाहेरचा माणूस नाक धरायचा.

ती कातायची, मी विणायचो. शिरूरच्या बाजाराला एकदा, दौंडच्या बाजाराला एकदा. जिरायती जमिनीवर आमचं पोट भरलं नसतं. पोरगं आयटीआय झालं ते घोंगड्यांवर झालं, आन् पुढं सणसवाडीला कंपनीत लागलं. हे मी फुशारकीनं सांगत न्हाई, हिशोबानंही न्हाई. जे झालं ते सांगतो.

नव्वद सालानंतर बाजार बदलला. मऊ मऊ, वाघाचं चित्र असलेली ब्लँकेटं आली. आमचं घोंगडं टोचतं म्हणाले. इतकी वर्षं न्हाई टोचलं ते? घोंगडी म्हणून लोकरीत प्लॅस्टिकचा धागा घुसडलेला माल आला. मी बाजारात दुसऱ्याच्या घोंगडीचा धागा उपटून काडीपेटीनं जाळून बघायचो. केसासारखा वास आला तर लोकर. गोळी होऊन चिकटला तर प्लॅस्टिक. दुकानदार मला बघितलं की म्हणायचे, "आले आगलावे."

त्याच सुमाराला पुण्याची एक बाई जीप घेऊन वस्तीवर आली. कसल्या तरी संस्थेची. कारागिरांना बाजार मिळवून देतो म्हणाली. घोंगडी हातात घेतली, आन् मी सांगितलेल्या भावाला एका शब्दात हो म्हणाली.

मला तवाच शंका आली. जो माणूस घासाघीस करत न्हाई तो सरळ कसा असंल? बाजारात कुणी भाव पाडून मागितला तर मला बरं वाटतं, त्याच्या मनात काय हाय ते कळतं. ही बाई हसायची, पाणी प्यायची, खाली जमिनीवर बसायची. पुण्याची बाई शेणानं सारवलेल्या जमिनीवर सहज बसते, म्हंजी तिला काहीतरी पाहिजे असणार.

तिनं बायकोच्या हाताचे फोटो काढले. ती गेल्यावर मी म्हणालो, "हाताचा कुणी फोटो काढतंय का? माणसाचा काढत्यात."

"तोंडाचा मी काढू दिला न्हाई, म्हणून हाताचा काढला."

"कशाला दिलास?"

"आवं, हात काय कापून न्हेलाय का तिनं? हाय की हितंच."

पुढं बाई एकदा म्हणाली, "आजोबा, आजींचं सूत फार वेगळं आहे. घोंगडी राहू द्या, आम्हाला नुसतं सूतच द्या ना." मी न्हाई म्हणालो. मग दर खेपेला विचारायची. हसत विचारायची. आन् प्रत्येक खेपेला मी बायकोला म्हणायचो, "बघ, हिचा डोळा तुझ्या सुतावर हाय."

आन् एक गोष्ट मी कायम म्हणायचो. कधी चेष्टेनं, कधी रागानं. "तुझं सूत ज्या दिवशी थांबलं, त्या दिवशी हा माग उपटून चुलीत घालीन." दुसऱ्या बायकांचं सूत माझ्या बोटाला बसायचं न्हाई, म्हणून म्हणायचो. ती म्हणायची, "चुलीत घाला, पण आधी दार बंद करा. धूर व्हईल."

मग एक दिवस सकाळी तिच्या हातातनं चहाची कपबशी पडली. तोंड जरा वाकडं झालं, पुन्हा सरळ झालं. पोरगं येऊन तिला सणसवाडीला घेऊन गेलं, तिकडं दवाखाना जवळ. डॉक्टर बीपी म्हणाला. पोरगं म्हणालं, "काळजी करू नका, सुधारतीय." जाताना तिनं टकळी आन् लोकरीचं गाठोडं मागून घेतलं. मी म्हणालो, "तिकडं आराम करायचा सोडून?" ती म्हणाली, "बसून बसून काय करू? तुमचा माग उपाशी ठेवू का?"

पोराला सुट्टी असली की तो सूत घेऊन यायचा. पयलं पोतं तसंच आलं. पयल्या पोत्यातलं सूत तिनं घरीच कातलेलं, जाताना संगं न्हेलेलं, तिकडं त्याचे नुसते गोळे वळलेले. दुसरं पोतं भरायला मात्र लय दिवस लागले. मी मधनं मधनं भेटायला जायचो. तिचा डावा हात पदराखाली असायचा. म्हणायची, "सुईनं सुजलाय." सलाईन लावल्यावर सुजतो, हे मला ठाव होतं. मी काही पदर उचलून बघितला न्हाई.

ती तिकडंच गेली. आम्ही तिला मांडवगणला आणली, नदीवर न्हेली. तिचं सामान आलं त्यात ते दुसरं पोतं होतं. तोंडाशी एका फडक्यात चिंचोके बांधलेले, निवडलेले, एकही किडका न्हाई. माझ्या खळीसाठी. आजारी माणसानं सणसवाडीत बसून चिंचोके निवडले.

टकळी मात्र सामानात न्हवती.

दिवस-कार्य झालं, माणसं पांगली. मी घरात एकटा राहिलो आन् एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही जन्मभर घोंगडी केली आन् सगळी विकली. घरात तिच्या सुताचं एकसुद्धा धड घोंगडं न्हाई. माझ्या अंगाखाली होतं ते बापाच्या वेळचं, चाळण झालेलं. मी ठरवलं, ही दोन पोती हाईत, ह्याचं एक घोंगडं विणायचं. विकायचं न्हाई. मरेस्तोवर त्यावर निजायचं. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. ह्याच्या पलीकडं मला कुणाकडून काही नको होतं.

पयल्या पोत्याचा ताणा केला, म्हंजी उभे धागे. गोळे उकलायचं काम आधी तीच करायची. मी कधी गोळ्याला हात लावलेला न्हवता. आता मीच उकलत बसलो. पयला गोळा संपला आन् त्याच्या पोटातनं काहीतरी टपकन पडलं. चिंचोका. किडका, भोक पडलेला. मला वाटलं चुकून आला. दुसरा गोळा संपला, पुन्हा किडका चिंचोका. प्रत्येक गोळ्याच्या पोटात एक. म्हंजी ती खळीला न चालणारा चिंचोका घ्यायची आन् त्यावर गोळा वळायची. इतकी वर्षं. मला कधी बोलली न्हाई, मी कधी विचारलं न्हाई. मी ते चिंचोके भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले. कुणाला सांगितलं न्हाई. सांगायला होतं तरी कोण?

ताणा मागावर चढवला, खळ लावली, वाळवला. मग आडव्या धाग्यासाठी दुसरं पोतं उघडलं. गोळा घेतला, त्यातनं धोट्याच्या चार कांड्या भरल्या, विणायला लागलो. हातभर विणलं असंल, धागा तुटला. टोकं धरली, थुंकी लावली, वळली.

जोड उकलला.

पुन्हा वळलं, पुन्हा उकलला. मी धागा उजेडात धरला. पीळ सरळ होता. जगासारखा.

मी दुसरा गोळा बघितला. तिसरा बघितला. सगळं पोतं पालथं घातलं. सगळ्याचा पीळ सरळ. आन् सूत कसलं, तर शिकाऊ पोरीचं. कुठं दोरीगत जाड, कुठं केसागत बारीक, मधेच गाठ. माझी बायको असलं सूत झोपेत कातायची न्हाई.

हे तिचं सूत न्हवतं. कुणीतरी बदललं होतं.

मी माग तसाच सोडून उठलो. विणलेलं हातभर तेवढं उसवलं आन् सूत पोत्यात टाकलं. मग बसून एकेक जुळवत गेलो. बाईला नुसतं सूत पाहिजे होतं. बायको आजारी असताना बाई सणसवाडीला दोनदा भेटायला गेली, पोरानं सांगितलं होतं. दिवस-कार्याला बाई आली तवा सुनेबरोबर चुलीपाशी हळू हळू बोलत होती. मी गेलो तर गप झाल्या. आन् सुनेच्या खोलीत मी शेवटच्या खेपेला नवं शिलाई मशीन बघितलं होतं, वर फडकं टाकलेलं. नवी वस्तू माणूस झाकून कवा ठेवतो? टकळीपण न्हाई. ती कुठं गेली? पुण्यात काचेच्या कपाटात ठेवली असंल, शेजारी हाताचा फोटो.

टपरीवर चहा पिताना मी एवढंच म्हणालो की दौंडला जाऊन येतो. टपरीवाला म्हणाला, "आप्पा, बाजार तर परवा झाला. आज कुणाला जाळून बघायचंय?"

दौंडला रेल्वेच्या रुळापलीकडं त्या संस्थेनं दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथं बायकांना कातायला बसवायचे. मी पिशवीत एक गोळा घालून वडापच्या जीपमधनं गेलो. दारातच चप्पल काढली आन् कुणाला न विचारता एका बाईच्या पुढचं सूत उचललं. माझा गोळा बाहेर काढला, दोन्ही धागे शेजारी धरले. पीळ एक. जाडी-बारीकपण एक. नाकाला लावून बघितलं.

एक बाई म्हणाली, "आबा, हुंगताय काय एवढं? कोरड्यास हाय का ते?"

दुसरी म्हणाली, "हुंगू दे गं, भूक लागली असंल."

सगळ्या हसल्या. मी विचारलं, "ह्या गोळ्याचा पीळ बघा. हा तुमच्यातला हाय का?"

हसणारीनं धागा वळून बघितला. "असलाच असतोय की सगळ्यांचा. मी पण आत्ता शिकतीय, माझं पण असंच गाठाळ येतंय. उलटं कोण कातंल?"

"माझी बायको कातायची."

हसणारीनं गोळा माझ्या हातात परत ठेवला.

पुण्याची बाई आतल्या खोलीत होती. उभी राहिली, खुर्ची पुढं केली. मी बसलो न्हाई. म्हणालो, "माझ्या घरचं सूत तुमच्याकडं आलंय का?"

"नाही हो, आजोबा. आजींनी कधीच दिलं नाही. मी किती वेळा मागितलं, तुम्हाला माहीत आहे."

"म्हंजी मागत होता, हे कबूल हाय."

"हो, मागत होते. काय झालंय? बसा तरी."

"आन् टकळी?"

"कुठली टकळी?"

तिनं चहा मागवला. मी चहा न घेता निघालो. खरं सांगतो, तिच्या तोंडावर काही दिसलं न्हाई. पण सराईत माणसाच्या तोंडावर कधीच काही दिसत न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं न्हावऱ्याला, तिथनं शिक्रापूर, तिथनं सणसवाडी. गोळा पिशवीत. पोरगं कंपनीत गेलेलं. खोल्यांची चाळ, एका दारापुढं बिहारी, दुसऱ्या दारापुढं यूपीचे, दोऱ्यांवर कपडे. सुनेच्या दारातनं मशीनचा आवाज येत होता. म्हंजी आज झाकलेलं न्हवतं.

मला बघून ती उठली, पदर घेतला. "मामा! न सांगता आलात?"

"सांगून आलो असतो तर आवरायला येळ मिळाला असता."

"घर आवरलेलंच हाय. बसा, पाणी देते."

मी गोळा मशीनवर ठेवला. "हे कुणाचं सूत?"

"आत्याबाईंचं."

"खोटं. पीळ बघ."

तिनं गोळ्याकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं. मग पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आन् खाली बसली.

"मामा, त्यांचा डावा हात गेला होता."

"सुईनं सुजला होता."

"सुजला न्हवता. गेलाच होता. कपबशी पडली त्या दिवशीच. बोटंसुद्धा उचलायची न्हाईत. तुम्ही आलात की पदराखाली घ्यायच्या, तुम्ही गेल्यावर मी बाहेर काढून चोळायचे."

"मला कुणी बोललं न्हाई."

"बोलू दिलं तर बोलायचं. त्यांनी गळ्याची शप्पथ घातली होती, मला आन् ह्यांनापण. म्हणाल्या, हात गेला म्हणून कळलं की ते माग उपटून चुलीत घालतील. मग दिवसभर करतील काय?"

"मी चेष्टेनं म्हणायचो ते."

"तुमची चेष्टा आन् तुमचा राग एकाच आवाजात येतोय, मामा. कसं वळखायचं माणसानं?"

ती सांगत गेली. आत्याबाई खिडकीपाशी बसायच्या, टकळी उजव्या हातात. आयुष्यात त्या हातानं गिरकी दिली न्हाई. टकळी पडायची, धागा तुटायचा, पुन्हा उचलायच्या. शेजारच्या खोलीतली बिहारी बाई दारात बसून बघायची आन् म्हणायची, "माजी, छोड़ दो, फिर टूट जाएगा." आन् माझ्या बायकोनं, जिनं जन्मात हिंदी बोललं न्हाई, तिला सांगितलं, "टूटेगा तो टूटेगा. मेरा मालक जोडता हाय."

सून ते सांगताना हसली आन् मग तिनं डोळ्याला पदर लावला.

मी काय केलं? मी विचार केला, गोष्ट चांगली रचलीय. गेलेलं माणूस काही उठून सांगायला येत न्हाई. बिहारी बाईला विचारावं तर ती हिचीच शेजारीण. रडायला काय लागतं? मी कितीतरी व्यापारी रडताना बघितलेत.

मग मला कोनाडा आठवला.

"गोळे कुणी वळले?" मी विचारलं.

"त्यांनीच. मी वळते म्हणाले तर हात लावू दिला न्हाई. डाव्या काखेत धरायच्या आन् उजव्यानं वळायच्या."

"आत काय घालायची?"

"आत? कशाच्या आत?"

"गोळ्याच्या."

"गोळ्याच्या आत काय घालायचं असतंय? सूतच की." आन् ती माझ्याकडं असं बघायला लागली, की ह्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय का.

तिला ठाव न्हवतं. हे मी तिच्या तोंडावर बघितलं, आन् मी तोंडं बघण्यात जन्म घातलाय.

मी गोळ्याचं टोक शोधलं आन् उकलायला लागलो. फरशीवर सूत पडत गेलं. ती म्हणाली, "मामा, गुंता व्हईल." मी थांबलो न्हाई. गोळा लिंबाएवढा झाला. तिथं सूत अजूनच वाईट होतं, म्हंजी ती उजव्या हातानं रोज थोडी थोडी शिकत आली होती आन् मी ते बाहेरून आत, उलटं बघत होतो. सुपारीएवढा झाला. मनात एकच चाललं होतं, की आत काही नसंल तर मी इथनं उठायचं कसं, आन् असंल तरी उठायचं कसं.

फरशीवर टक् झालं. चिंचोका घरंगळत मशीनखाली गेला.

सुनेनं हात घालून काढला. उजेडात धरला. "किडका हाय," ती म्हणाली. "मीच आणायचे त्यांना बाजारातनं चिंच. चांगले चिंचोके तुमच्या खळीला बांधून ठेवायच्या. किडके कुठं जात्यात ते मला कधी कळलं न्हाई. मला वाटायचं टाकून देत्यात."

"दे इकडं."

मी चिंचोका मुठीत धरून बसलो. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर हिंदी गाणं चाललं होतं, कंपनीचा भोंगा झाला, माणसं जेवायला सुटली. सुनेनं सूत गोळा करायला घेतलं. गुंता झालाच होता. तिनं माझे दोन्ही हात पुढं धरायला लावले आन् त्यावर सूत घेतलं, सोडवत सोडवत. मग गोळा वळायच्या आधी तिनं हात पुढं केला.

"द्या."

"काय?"

"चिंचोका द्या की. आत घालायचा न्हवं?"

मी दिला. तिनं त्यावर पयला फेरा घेतला.

वळून झाल्यावर मी म्हणालो, "हे मशीन कुठनं आलं?"

ती हसली. "आलात तवापासनं डोळा तिकडंच हाय तुमचा. पुण्याच्या बाईंनी दिलंय, घोंगडीच्या पिशव्या शिवायला. आत्याबाईच म्हणाल्या, घे म्हणून. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही म्हणाला असता बाईनं फसवलं."

"फडकं टाकून कशाला ठेवतीस?"

"धूळ बसती, मामा. कंपन्या हाईत हिथं."

मी एक पिशवी हातात घेऊन बघितली. म्हणालो, "घोंगडीची कापलेली कड उसवतीय. दुमड आन् दुहेरी टीप घाल." ती म्हणाली, "बरं." मग तिनं भिंतीवरच्या खिळ्याकडं बोट केलं. देवाच्या फोटोशेजारी टकळी टांगलेली होती. तिच्यावर अजून थोडं सूत होतं, शेवटचं, न उतरवलेलं. मी एवढा वेळ खोलीत बसलो होतो, मशीनकडं बघत होतो, आन् टकळी मला दिसली न्हवती.

"घेऊन जावा," ती म्हणाली.

"राहू दे हिथंच."

घरी आलो, मागावर बसलो. घोंगडं झालं. उभे धागे सगळे डाव्या हाताचे, आडवे सगळे उजव्या हाताचे. एका टोकाला तिचं हात बसल्यावरचं सूत नीट बसलंय, दुसऱ्या टोकाला पयल्या पयल्या सुताच्या जाड गाठी हाईत, अंगाला लागतात. मी तेच टोक उशाला घेतो. पुण्याची बाई बघायला आली, म्हणाली, "आजोबा, हे प्रदर्शनात ठेवू या? विकायचं नाही, नुसतं ठेवायचं." मी म्हणालो, "न्हाई." ती म्हणाली, "बरं." ह्या खेपेलाही तिनं घासाघीस केली न्हाई, आन् ह्या खेपेलाही मला ते खटकलंच.

तिचं सूत संपलं. माग चुलीत घातला न्हाई. ज्याच्यापायी तिनं मरता मरता दुसरा हात शिकवला, तो मी कसा जाळू? आता दौंडच्या बायकांचं सूत येतं, जीपमधनं. गोळा आला की मी आधी धागा उपटून जाळून बघतो. बाई म्हणते, "आजोबा, अजून विश्वास नाही?" मी म्हणतो, "तुमच्यावर हाय, सुतावर न्हाई." ते अर्धंच खरं हाय. घोंगडं झालं की सुनेकडं पिशव्यांना जातं, न्हाईतर पुण्याला. चहा-तंबाखूला पोरापुढं हात पसरावा लागत न्हाई.

दौंडच्या गोळ्यांत चिंचोका नसतो. गोळा संपतो तो नुसता संपतो. सुनेला सांगितलं होतं एकदा, तिनं त्या बायकांना सांगितलं म्हणे, त्या हसल्या.

आन् धागा तुटला की माझी बोटं अजून उलटीच वळतात. जोड उकलतो. मग थांबायचं, आन् सरळ वळायचं.